चार ताऱ्यांच्या इमारतीचं कुलूप

रंगूबाई पेठ तालुक्याकडची. भात झोडून झालं की सून सरिता आणि गावातल्या काही बायकांना घेऊन ती नाशकात मजुरीला यायची. २००८ साली त्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीवर कामाला लागल्या. तिथं माझं वायरिंगचं काम होतं, म्हणून हे सगळं मी पाहिलं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

ही इमारत 'हरित' ठरणार होती. म्हणजे काय, तर शंभर गुणांची परीक्षा. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा वापरल्या, गुण. पावसाचं पाणी जमिनीत मुरवलं, गुण. गच्चीवर सोलर बसवलं, गुण. जितके गुण जास्त तितके तारे जास्त. प्रत्येक गुणासाठी फोटो आणि कागद द्यायचे, मग तपासनीस येऊन खात्री करणार. मजुरांसाठी संडास आणि पाण्याची सोय केली, तर तिचेही दोन गुण होते. ज्यानं कोणी हा नियम लिहिला तो भला माणूस असणार.

तर संडास झाले, बाहेर नळ आला. पेठकडे नव्या विहिरीला हळदकुंकू वाहिल्याशिवाय कोणी घागर बुडवत नाही. रंगूबाईनं नळाला हळदकुंकू लावलं, संडासाच्या दारांवरही बोटं ओढली, तांदूळ वाहिले आणि पोटुशी सरितेच्या हातून पहिला हंडा भरला. इंजिनिअर ज्ञानेशनं त्याचा झकास फोटो काढला. रंगूबाईला वाटलं, पूजा झाली, आता जागा आपली. तपासनीस आला आणि खूश होऊन गेला.

त्याची गाडी फाटकाबाहेर पडली आणि ज्ञानेशनं दारांना कुलपं ठोकली.

"पुन्हा तपासणी आहे. तुम्ही घाण करता," तो म्हणाला.

तपासणीत स्वच्छ दिसावेत म्हणून संडास बंद! शिकून असली अक्कल येत असेल तर आग लागो त्या शिक्षणाला.

बायका पहाटे पलीकडच्या कोबीच्या वावरात जायला लागल्या. वावरवाल्याचा कुत्रा अंगावर यायचा. दिवसा तर आडोसाच नव्हता, म्हणून सरितेनं पाणी पिणंच सोडलं. उन्हात विटा वाहायची आणि नुसते ओठ ओले करायची.

"साहेब, पोरीपुरतं तरी उघडा," रंगूबाई रोज म्हणायची.

"बघू," ज्ञानेश रोज म्हणायचा.

शेवटी सरिता लघवीच्या जळजळीनं आणि तापानं आडवी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नव्हतीस? लाजेनं तिनं पदर तोंडावर ओढला. रंगूबाईनं तिला गावी नेलं. तिथं मूल अपुऱ्या दिवसांचं झालं आणि गेलं.

दुसऱ्या तपासणीचा दिवस मीच गावच्या फोनवर कळवला. रंगूबाई एकटी आली. ज्ञानेशनं कुलपं काढून कडीला अडकवून ठेवली होती, फिनेलचा वास सुटला होता.

"मावशी, सोय चांगली आहे ना?" तपासनीसानं विचारलं.

रंगूबाईनं एक कुलूप उचलून त्याच्या हातावर ठेवलं. ते गंजलेलं होतं. त्याचा तांबडा ओघळ दारावर तिनं ओढलेल्या कुंकवावरून खाली आला होता.

"लय चांगली हाय," ती म्हणाली. "आमी पुजली तवापासून बंद हाय. माझा नातू गेला हिच्यापायी. ह्ये बी लिवा."

ज्ञानेशचा चेहरा पडला. तपासनीसानं लिहिलं, खरंच लिहिलं. त्या सोयीचे दोन्ही गुण कापले.

निकाल लागला आणि मी पेठला जाऊन तिला सांगितलं. तिनं विचारलं, "मंग तारं किती कमी झालं?"

"एकही नाही. चारचे चारच. बाकीचे गुण भरपूर होते."

सरिता आत चुलीपाशी बसून ऐकत होती.

उद्घाटनाला मी गेलो, तेव्हा दर्शनी भिंतीवर तो हळदकुंकवाचा फोटो मोठा करून लावलेला होता. हंडा धरलेली सरिता हसत होती. खाली लिहिलं होतं, 'आमचे समाधानी कामगार'. संडास पाडून तिथं हिरवळ केली होती. मी खुर्चीवर चढून फोटो उतरवला, शिपाई अंगावर धावला तरी सोडला नाही आणि दुसऱ्या दिवशी पेठच्या एसटीत बसलो.

रंगूबाईनं तो पदरानं पुसला. सरितेनं बघितला आणि उलटा करून ठेवला.