पुढचा बेत, इंग्रजीत

चार माणसं एका ओसरीवर रोज बसू लागली की किस्से साठतातच. ते झाडून टाकायला कोणी येत नाही. आमचा इंग्रजीचा वर्ग जुन्नरच्या पेठेत मिश्रीमलशेठच्या कापडदुकानाच्या ओसरीवर भरे. रेल्वेत, तारखात्यात, कचेऱ्यांत माणसं हवीत असं रोज कानावर येई आणि आमचा पाय घरात ठरत नसे. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला. तरी वर्गात मागे बसलो नाही.

*

मास्तर पुण्याचे. पहिल्याच दिवशी त्यांनी डिंगोऱ्याच्या कोंडाजीला उभं केलं. उद्या कुठे जाणार, ते इंग्रजीत सांग, म्हणाले. कोंडाजी खाली बसला.

"काय झालं?"

"निघायच्या आधीच कुठं म्हणून इचारलंत, मास्तर. आता काम व्हत न्हाई. उद्या जाणंच रद्द."

खरोखर गेला नाही. बैलबाजार चुकला.

*

मास्तर हट्टी. म्हणाले, "साहेब पहिलं हेच विचारतो, पुढे काय करणार. भविष्यकाळ यायलाच हवा."

गादीवरून मिश्रीमलशेठ बोलले, "आमचे जैन साधुमहाराजसुद्धा उद्या येईन असं म्हणत नाहीत. जमेल तसं, एवढंच म्हणतात. तुमच्या साहेबाला एवढी कसली खात्री?"

मास्तरांनी त्या दिवशी भूतकाळ घेतला.

*

तोड कोंडाजीनेच काढली. आपला बेत तोंडातून काढायचा नाही, दुसऱ्याचा बोलायचा. मग शेठचा मुलगा चंपालाल उठून म्हणे, मी नांगर धरीन. नांगर कुठून धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. मी म्हणे, मी कापड विकीन.

कोंडाजी आपल्या थोरल्या भावाचा बेत बोले. आय शॅल स्टे ॲट होम, मी घरीच राहीन. आय शॅल सो बाजरी, मी बाजरी पेरीन. घरात त्या भावाचंच राज्य होतं. त्याच्या हाताखालून सुटायला कोंडाजीला नोकरी हवी होती. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

मास्तर म्हणाले, इतका सफाईदार भविष्यकाळ मी पुण्यातही ऐकला नाही.

*

निरगुडसरचा एक पावणा वर्गात आला. पहिल्याच दिवशी उठून सरळ म्हणाला, मी मुंबईला जाईन, गिरणीत लागेन. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो.

महिन्याभरात तो मुंबईला गेला आणि गिरणीत लागला.

"बघा," कोंडाजी म्हणाला. "बोलला नसता तर मुकादम झाला असता."

*

जंगलखात्याच्या साहेबाचा तळ गावाबाहेर पडला. त्याला थोडं इंग्रजी येणारा एक माणूस हवा होता. कोंडाजी भावाशी भांडून, गाठोडं बांधूनच आला. आम्ही मास्तरांसह बाहेर आंब्याखाली उभे राहिलो. तंबूचा पडदा वर बांधला होता, आतलं सगळं ऐकू येत होतं.

साहेबाने नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, पुढे काय करणार?

कोंडाजीने छाती पुढे काढली. "आय शॅल स्टे ॲट होम. आय शॅल सो बाजरी."

एकही चूक नाही. मास्तरांनी डोळे मिटले.

साहेब हसला. बेत चांगला आहे, शेती सोडू नकोस, असं इंग्रजीत म्हणाला. त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

कोंडाजी बाहेर आला. "साहेब लई खूश, राव. गुड गुड म्हनला. आता हुकूम निघंल."



दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलला. बैलगाड्या भरल्या जात होत्या. कोंडाजी तंबूच्या दोरीला टेकून गाठोड्यावर बसला होता.

साहेबाचा शिपाई म्हणाला, "घरी जा की, भाऊ."

"हुकूम घेतल्याबिगर हलत न्हाई."

"मग जरा बाजूला सरका. खुंटी उपटायची हाय."