कायल चढलेली पिकअप

एसटी स्टँडवर जाताना कंपनीच्या ड्रायव्हरने गाडी आईच्या फाटकासमोर उभी केली, इंजिन चालूच. आईने खिडकीतून पोळीभाजीचा डबा आत सरकवला आणि म्हणाली, "जा, गाडी ताटकळलीय." मी "बरं" म्हणाले आणि निघाले. पुण्यात आम्ही मायलेकी हे असंच भेटतो. दोन हजारचं दशक संपत आलं होतं, मी गाड्यांच्या चाचण्या करणाऱ्या एका कंपनीत होते आणि मला कोल्हापूरला एका माणसाची चोरी पकडायला पाठवलं होतं.

चोरी म्हणजे रॉकेलची. आमच्या कंपनीने एक डिझेल पिकअप चाचणीसाठी उचगावच्या दिलीप कांबळेला चालवायला दिली होती. तिच्या धुराच्या नळीत जाळीचा एक डबा होता. धुरातली काजळी त्यात अडकायची आणि डबा भरत आला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल जाळून आतली उष्णता वाढवायची, काजळीची राख करायची. त्या वेळी समोर एक पिवळा दिवा लागे आणि काम पुरं झालं की विझे. ज्या पिकअप आम्ही इतर गावांना दिल्या होत्या, त्यांचे दिवे शहाण्यासारखे विझत होते. दिलीपचा मात्र विझतच नव्हता, डबा सारखा तुंबत होता. साहेबांनी पुण्यात बसून निकाल दिला की हा डिझेलमध्ये स्वस्त रॉकेल ओततो आणि उरलेले पैसे खिशात घालतो. तसं निघालं तर पिकअप परत आणायची आणि दिलीपला कामावरून काढायचं, असं ठरलं होतं.

कोल्हापूरला उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. स्टँडसमोर मिसळ खाल्ली आणि पहिल्याच घासाला जीभ भाजून घेतली. वाढणाऱ्याने न विचारता दह्याची वाटी पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "पुण्याचं पावणं दिसतंय." कशावरून, ते विचारायच्या स्थितीत मी नव्हते.

दिलीप घ्यायला आला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज असा की शेजारी बसून बोलला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जावा. पिकअप त्याने इतकी पुसली होती की मला पाय ठेवायला संकोच वाटला. निघण्याआधी तोच म्हणाला, "म्याडम, तुम्ही कशाला आलाय ते मला ठावं हाय. टाकी उघडून बघा. चार माणसांत माझं नाव घालवू नगासा, एवढंच सांगणं."

टाकी बघितली. डिझेलला वाईट वास नव्हता, पण वासावर साहेब विश्वास ठेवणार नव्हते. म्हणून मी दिवसभर त्याच्या शेजारी बसायचं ठरवलं.

उचगावातून यंत्रांचे सुटे भाग भरायचे आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पोचवायचे, हे त्याचं रोजचं काम. हायवेला लागलो, दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा. उजळाईवाडी मागे पडते न पडते तोच पिवळा दिवा लागला. मी सरसावून बसले. सलग वीसेक मिनिटं गाडी पळायला हवी होती. पण गोकुळ शिरगावला रस्त्याकडेच्या एका म्हाताऱ्याने हात केला आणि दिलीपने गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, मग खाली उतरून बोलला. म्हाताऱ्याला कुठेही जायचं नव्हतं. त्याला फक्त विचारायचं होतं, "कसा हाईस?"

पुढे एका पंक्चरवाल्यापाशी तेच. मग एका चहाच्या टपरीवर. दरवेळी इंजिन तापून काजळी पेटायला लागायची आणि दरवेळी दिलीप किल्ली फिरवून त्यावर पाणी ओतायचा. शेवटी कागलच्या फाट्यावर एक बाई थर्मास घेऊन उभी दिसली. ती त्याची मोठी बहीण, तिला सगळे आक्का म्हणत. तिचं सासर कागलचं. भाऊ रोज याच वेळी जातो म्हणून ती रोज याच वेळी चहा घेऊन उभी राहते. इंजिन बंद झालं आणि पिवळा दिवा दिलीपच्या चहासाठी गप्प झाला.

मी कपाळाला हात लावला. "अहो, निदान इंजिन तरी चालू ठेवा ना."

दिलीप आक्काच्या देखत खजील झाला. "आसं कसं ओ म्याडम? गाडी घुरघुरत ठिवून बोलायचं म्हंजे समोरच्याला 'आवर लवकर' म्हटल्यागत की. माणसाचा अपमान हुतोय."

आक्काने मान डोलवली. "इंजिन चालू ठिवून बोलनाऱ्याच्या दारात आमी जात न्हाय."

मला माझी चोरी सापडली होती. रॉकेल कुठेच नव्हतं, होता तो नुसता शिष्टाचार. मी त्याला डबा, काजळी, उष्णता, सगळं समजावून सांगितलं, हवेत बोटाने आकृत्यासुद्धा काढल्या. तो "व्हय, व्हय" म्हणत राहिला आणि परतताना पहिल्याच ओळखीच्या माणसापाशी इंजिन बंद केलं. मला राग आला, पण त्याच्याकडे बघून तो टिकेना. चाळीस वर्षांची मी, पण मला बघून कुणी रस्त्यात असं थांबल्याचं आठवत नाही.

संध्याकाळी आक्काने गुऱ्हाळावर बोलावलं. तिचा नवरा शामराव तिथे गुळव्या (गूळ शिजवणारा) होता, दिलीप त्याला दाजी म्हणायचा. माझी चप्पल पहिल्याच पावलाला जमिनीला चिकटली. ती तिथेच सोडून मी अनवाणी पुढे गेले. मोठ्या कायलीत (गूळ शिजवायची कढई) रस उसळत होता आणि शामराव वाफेत उभे राहून नजर न हलवता तो ढवळत होते. दिलीपने नमस्कार घातला. शामरावांनी मागे वळूनही बघितलं नाही.

"कायल चढल्या. पावण्यांस्नी हितंच बसवा जाळाजवळ," ते म्हणाले.

आक्काने आम्हाला काकवी (गूळ होण्याआधीचा घट्ट पाक) आणि शेंगदाणे दिले. ती ऊन काकवी भाजलेल्या जिभेलाही गोड लागली. बराच वेळ झाला तरी यजमान काही आमच्याकडे फिरकेनात. आणि कुणाला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "दाजी, जरा वेळ जाळ काढला आणि पाहुण्यांशी बोललात तर?"

"मग त्यो रस बी न्हाय आन् गूळ बी न्हाय. जनावर बी त्वांड लावत न्हाय त्याला," शामराव म्हणाले. "आमदार आला तरी कायल चढल्यावर गुळव्या हलत न्हाय. ज्याला बोलायचं हाय त्येनं हितं यायचं."

दिलीपचा शेंगदाण्यांचा हात मधेच थांबला. तो जाळाकडे बघत राहिला, मग बाहेर उभ्या पिकअपकडे. "ताई," तो म्हणाला. सकाळपासून मी म्याडम होते, आता ताई झाले. "त्यो पिवळा दिवा लागतोय, म्हंजे हिची कायल चढतीया?"

"हो," मी म्हणाले. "आणि तुम्ही रोज मधेच जाळ काढता."

"आसं सांगायचं की वो मग."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्यांचं ठरलं होतं, उद्या पिकअप ट्रकवर चढवून पुण्याला पाठवायची. मी म्हटलं, सकाळी एक फेरी करू द्या. दिवा विझला तर डिझेल चोख आहे असं माना, नाही विझला तर घेऊन येते. ते नाखुशीने हो म्हणाले. दिलीपने सगळं ऐकलं होतं. त्या रात्री त्याच्या घरी जेवले, भाकरी, खर्डा आणि वांग्याचं भरीत, पण तो स्वतः नीट जेवला नाही. त्याच्या बायकोने दोनदा वाढायला घेतलं आणि दोनदा त्याने हात आडवा धरला.

सकाळी उजळाईवाडीच्या पुढे दिवा लागला. दिलीपने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गोकुळ शिरगावच्या म्हाताऱ्याने हात केला. दिलीपने नुसता हॉर्न दिला आणि गाडी पळवत राहिला. आरशात मला म्हातारा अजून हात वर धरून उभा दिसला. पंक्चरवाला रस्त्यावर चार पावलं धावला. टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "आरं ए दिल्या, मस्ती आली व्हय?" दिलीपचे कान लाल झाले होते. "ताई, ही माणसं आता मला काय म्हनतील?" तो पुन्हापुन्हा म्हणत होता आणि मला खरंच त्याची कीव येत होती. नोकरी गेली असती तरी तो इतका शरमला नसता.

कागलचा फाटा आला. आक्का थर्मास घेऊन उभी होती, हात उंच केलेला. दिलीपचा पाय ब्रेककडे गेलेला मी बघितला. त्याने पाय मागे घेतला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळा हायवे ऐकेल अशा आवाजात ओरडला, "आक्का, कायल चढल्या!"

गुळव्याचीच बायको ती. तिने क्षणभर बघितलं, हात खाली घेतला आणि पदराने आम्हाला वाट दाखवल्यासारखं केलं. जा.

कर्नाटकच्या हद्दीजवळ दिवा विझला. दिलीप पुढे बराच वेळ त्या विझलेल्या जागेकडे बघत गाडी चालवत होता. मग वळून आम्ही फाट्यावर आलो. आक्का अजून तिथेच होती. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिच्या पाया पडला. "उतरली का कायल?" तिने विचारलं आणि चहा ओतला. चहा निवला होता. आम्ही तिघांनी तो रस्त्याकडेला उभं राहून, अजिबात घाई न करता प्यायला. म्हाताऱ्यापाशीही परतताना थांबलो. सगळं ऐकून तो म्हणाला, "दिवा लागला आसंल तर हात वर कर, मी समजंन."

पिकअप उचगावलाच राहिली. अहवालात मी लिहिलं की डिझेल चोख आहे. शिष्टाचाराबद्दल काही लिहिलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

पुण्यात परतल्यावर कंपनीची गाडी पुन्हा आईच्या फाटकासमोर थांबली, इंजिन चालूच. आक्काने दिलेली गुळाची ढेप मी खिडकीतून आईच्या हातात दिली. "दमलीस गं," आई म्हणाली आणि सवयीने एक पाऊल मागे सरकली. "जा, गाडी ताटकळलीय."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी बंद करा."

गल्ली एकदम शांत झाली. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. "काय गं, बरी आहेस ना?"

"चहा टाक," मी म्हणाले आणि खाली उतरले.