मागच्याला जाऊ दे

टीममध्ये त्यांना सगळे 'दुसरेसाहेब' म्हणत, तेही तोंडावर. तरुणपणी मोटारींच्या एका मोठ्या शर्यतीत ते शेवटच्या फेरीपर्यंत पुढे होते, आणि मालकाचा रेडिओवर हुकूम आला, "मागच्याला जाऊ दे." मागे होता त्यांच्याच टीममधला जोडीदार, मालकाचा लाडका. दुसरेसाहेबांनी निमूट गाडी बाजूला घेतली. जोडीदाराचा जयजयकार झाला. ह्यांच्या पोटात आग धुमसत राहिली.

आता टीमचा कारभार आणि रेडिओ ह्यांच्या हातात होता. त्याच जोडीदाराची लेक शेवटच्या फेरीत पुढे होती, आणि मागे टीमचीच दुसरी गाडी. बाप शेजारीच छाती फुगवून उभा होता. दुसरेसाहेबांनी बटण दाबलं.

"मागच्याला जाऊ दे."

पोरीनं निमूट गाडी बाजूला घेतली. बाप खवळला, "अरे, पुढे होती ती! तिचा हक्क होता!"

"माझाही होता," दुसरेसाहेब दातओठ खात म्हणाले. "त्या दिवसापासून टपून बसलोय. आता कळू दे तुला, कसं झोंबतं ते!"

शर्यत संपली. पोरीनं हेल्मेट काढलं आणि बापाकडे न बघता ती सरळ ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काका, रेडिओच्या बटणावरचा अंगठा आता तरी काढा. मी सगळं ऐकलंय."