लाल वायर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाल्याने मेथीची जुडी दिली की मी ती सोडून आतली पानं बघते. मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आलेला माल सोबतच्या चलनाच्या कागदाशी ताडून बघायचा, हे माझं काम. म्हणजे संशय घ्यायचाच मला पगार मिळतो. घरच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स वापरते तेही त्याचमुळे. दुकानातून कॉम्प्युटरबरोबर जी सिस्टिम येते ती आपल्याला न विचारता स्वतःत फेरफार करते, आणि वर ‘कृपया थांबा’ म्हणते. लिनक्स निदान काय करतंय ते ओळीओळीने सांगतं. समजो न समजो, सांगतं तरी.

अशा बाईकडे माझ्या ताईने तिच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणून दिली, यात नवल नाही.

ताई बदलापूर गावात राहते. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय. लग्नात मुलीकडच्या मोठ्या माणसाने माईकवर दोन शब्द बोलायचे असतात, आणि मुलीने हट्ट धरला की या वेळी आईने बोलायचं. ताईने माझ्या टेबलावर कॅसेट ठेवली आणि म्हणाली, “मला आधी ऐकायचंय, पप्पा काय बोलले होते.”

ते काय बोलले होते, याच्यावर ताईचं अर्धं आयुष्य अडकलेलं आहे. लग्न शाळेच्या मैदानावर होतं. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा सगळं झालं. ताई पांढरी साडी बदलून शालू नेसायला वर्गात गेली, आणि तेवढ्यात पप्पांनी माईक घेतला. मी तेव्हा शाळकरी होते आणि आइस्क्रीमच्या रांगेत होते. ताई सासरी पोचली तर सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ऐकवलं, “तुझ्या वडिलांनी भर मांडवात सांगितलंय, आजपासून आमची जबाबदारी संपली.” ताईने हे आईला विचारलं. आई म्हणाली, “असं बोलायची पद्धत असते.” म्हणजे हो की नाही, ते कळलं नाही. पप्पांना विचारायची ताईची छाती झाली नाही.

पुढे भाऊजींची नोकरी गेली, घरात दोन वेळचं भागेना, तरी ताईने माहेरी तोंड उघडलं नाही. कुणाची जबाबदारी संपली असेल तर त्याच्या दारात कशाला जायचं, असा तिचा बाणा. पप्पा आजारी पडले तेव्हाही ती यायची, पण पाहुण्यासारखी, खुर्चीच्या कडेला बसून. पप्पा गेले. दुसऱ्या कुठल्या गोष्टीबद्दल ती कधी कुरकुर करायची नाही, फक्त लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, “सगळा मांडव जेवला आणि नवरी उपाशी सासरी गेली.” आम्ही हसायचो.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, की हे वाक्य सासूने रचलेलं आहे. पुरावाही होता. कॅसेटमध्ये पप्पा माईकवर बोलताना स्वच्छ दिसतात, ओठ हलतात, आणि आवाज येतो तो त्या वर्षी गाजलेल्या एका सिनेमाच्या गाण्याचा. शूटिंगवाला कुणी ठरवला होता? भाऊजींच्या चुलत्याने. मिक्सिंग होताना शेजारी कोण बसलं होतं? तोच चुलता. आता यातून कुणी काय समजायचं ते समजावं.

भाऊजींना मी एकदा हे सुनावलं तर ते म्हणाले, “कशाला जुनं उकरून काढता?” उकरायला नको म्हणणाऱ्याचा मला जास्तच संशय येतो.

कॅसेट होती पण व्हीसीआर नव्हता, म्हणून मी उल्हासनगर गाठलं. तिथे जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या गल्लीत एका सिंधी दुकानदाराकडे चालू व्हीसीआर मिळाला, आणि त्याच्याच काउंटरवर टीव्ही ट्यूनर. बोटभर लांबीची काळी डबी, एक टोक कॉम्प्युटरच्या यूएसबीत जातं, दुसऱ्या टोकाला पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरींसाठी शेपूट. पूर्वी लोक यावर अँटेना लावून कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचे. आता अँटेनावर मुंग्यांशिवाय काही येत नाही, पण व्हीसीआरची चित्रं कॉम्प्युटरमध्ये उतरवायला ती अजून चालते.

“ओरिजनल आहे?” मी विचारलं.

“मॅडम, एकदम ओरिजनल. नहीं चला तो मेरा नाम बदल देना.”

त्याचं नाव मला माहीतच नव्हतं, तर बदलणार काय! खोक्यावर एक कंपनी, डबीवर दुसरी, आणि आतल्या सीडीवर तिसरी. सीडी माझ्या उपयोगाची नव्हतीच, ती दुकानवाल्या सिस्टिमसाठी होती. तरी मी बिल घेतलं आणि जपून ठेवलं. भांडायला कागद लागतो.

रविवारी सकाळी डबी लावली. लिनक्सने तिच्याकडे बघून जे लिहिलं, ते वाचून मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझ्या जातकुळीचं भेटलं. त्याचा अर्थ असा होता: डबीच्या आतल्या या बोर्डाला स्वतःची वेगळी ओळख नाही. याच नंबरचे कितीतरी बोर्ड बाजारात आहेत. हा नक्की कोणता ते मला ठरवता येत नाही, तुम्हीच सांगा. खाली बोर्डांची ही लांबलचक यादी. म्हणजे ओरिजनलची बात खलास. मी यादीतला एकेक नंबर देऊन बघायला लागले. एका नंबरला काळा पडदा, एकाला हिरवा, एकाला कॉम्प्युटरच गप्प. दर वेळी डबी काढायची, ड्रायव्हर म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम उतरवायचा, नवा नंबर सांगून परत चढवायचा. मनातल्या मनात मी दुकानदाराचं नाव बदलत होते, आणि ती नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

दुपारी ताई आली तेव्हा नंबर लागला होता. चित्र आलं, पण काळंपांढरं आणि खालून वर धावणारं. डबी अमेरिकेच्या पद्धतीचं चित्र शोधत होती, आपल्याकडची पद्धत वेगळी, तिला ‘पाल’ म्हणतात. ते सांगितल्यावर चित्र जागेवर थांबलं आणि रंग भरले. मैदान दिसलं, मांडव दिसला, आई दिसली. ताईने पदर तोंडाला लावला. मी मात्र आवाजाच्या मागे होते, कारण आवाज येतच नव्हता. लिनक्समध्ये या डबीचं चित्र एका दाराने येतं आणि आवाज दुसऱ्याने, हे उमगायला चहा थंड झाला. शेवटी आवाज आला. तेच गाणं.

पप्पा माईकपाशी आले, ओठ हलले. आणि गाणं.

“तेच आहे,” ताई म्हणाली. तिचा चेहरा पडला. एवढ्या खटाटोपातून काही वेगळं निघेल अशी आशा तिने धरली होती आणि ती मीच लावली होती, याचं मला वाईट वाटलं.

वाईट वाटलं की मला राग येतो. रेकॉर्डिंगच्या खिडकीत आवाजाचे दोन पट्टे दिसतात, डावा आणि उजवा. डावा गाण्याबरोबर नाचत होता, उजवा मेल्यासारखा पडून होता. “बघ,” मी म्हटलं, “अर्धी डबी मेलेली आहे. उद्या जाते आणि त्याच्या तोंडावर मारते.” मी बिल काढलं, खोकं काढलं, आणि वायरी गुंडाळायला हात घातला.

ताई त्या वायरींकडे बघत होती. म्हणाली, “ही लाल लोंबकळतेय कशी काय?”

“ती लागत नाही.”

“कोण म्हणालं?”

“अगं, आपल्या घरी कधी लावली होती का? पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. लाल अशीच मागे पडलेली असायची. पप्पा तिला रबर लावून ठेवायचे.”

“आपल्या टीव्हीला आवाजाचं एकच भोक होतं. तिसरं नव्हतंच, म्हणून रबर,” ताई म्हणाली. “या व्हीसीआरला किती आहेत?”

तीन होती. मी सगळ्या जगावर संशय घेतला, डबीवर, दुकानदारावर, चुलत्यावर, आणि एका वायरीबद्दल मात्र घरात चालत आलेलं डोळे मिटून मानलं. मी लाल वायर लावली, कॅसेट मागे घेतली आणि परत चालू केली.

उजवा पट्टा हलायला लागला. शूटिंगवाल्याने गाणं एका बाजूला भरलं होतं आणि लाउडस्पीकरवाल्याकडून घेतलेला मांडवाचा आवाज दुसऱ्या बाजूला तसाच ठेवला होता. म्हणजे कुणी काही दडवलं नव्हतं. मी डावी बाजू बंद केली. गाणं गेलं आणि आमच्या खोलीत पप्पा खाकरले.

“जमलेल्या सर्व बंधू-भगिनींना जयभीम.” पाठ केल्यासारखं बोलत होते, कारखान्यातल्या साहेबासमोर उभं राहिल्यासारखे. “आमची मुलगी आजपासून तुमची. आमची जबाबदारी आज संपली. काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला. जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये.”

ताईने मान हलवली. तिला रडू आलं नाही. “म्हणजे खरंच बोलले,” ती म्हणाली. “सासूबाई खोटं बोलत नव्हत्या.” इतकी वर्षं मी ज्या बाईला खोटारडी ठरवलं ती खरी निघाली आणि मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. मी कॅसेट बंद करायला हात पुढे केला.

चित्रात आता पंगत दिसत होती. कॅमेरा पत्रावळींवरून फिरत होता, कुणी लाजून तोंड फिरवत होतं. पप्पा चित्रात नव्हते. पण त्यांनी माईक बंद केला नव्हता. भांड्यांच्या गोंगाटातून तोच आवाज आला, पण पाठ केलेला नाही, घरातला.

“अगं, पोरगी जेवली का?”

आईचं काहीतरी लांबून ऐकू आलं.

“सकाळपासून नुसत्या चहावर आहे ती. ताट वाढ. थोडा गोड भात जास्त घाल, आवडतो तिला. त्या पोराकडे नको देऊस, सांडेल. आण इकडे, मीच नेतो.” मग धप्प असा आवाज झाला, माईक कुठेतरी ठेवल्याचा, आणि त्यापुढे फक्त पंगत.

हे सगळ्या मांडवाने लाउडस्पीकरवर ऐकलं असणार. घरी जाताना लोकांनी आधीचं एक वाक्य तेवढं नेलं.

मी ताईकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. मी विचारलं, “मग आले होते का ते वर्गात? तू तर म्हणतेस उपाशी गेलीस.”

“मी शालू नेसत होते. दाराला कडी होती आतून,” ती हळूहळू म्हणाली. “बाहेर आले तर पायरीवर ताट होतं. वर दुसरं ताट झाकलेलं. मला भूक लागली होती गं, मी झाकण उचलून बघितलं पण.”

“मग?”

“परत झाकलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल.”