सादिकची डाळ

मी मस्कतला निघालो त्या सकाळी एसटीच्या टपावर माझी बॅग चढवायला सादिकच वर चढला होता. नव्याण्णव साल, दिवाळी नुकतीच आटपलेली. वेळणेश्वरच्या पुढचं आमचं गाव, तिथून निम्मी वाडी मला पोचवायला फाट्यावर आली होती. सादिकच्या आईने, म्हणजे आमच्या चाचीने, माझ्या दंडाला हिरव्या फडक्यात नाणं बांधलं. त्यांच्यात लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला बांधतात, सुखरूप पोच म्हणून. माझ्या आईने खिशात अंगाऱ्याची पुडी सरकवली. बाबा म्हणाले, "परमुलखात तोंड मिटून राहा, म्हणजे टिकशील." मी मान हलवली. तोंड मिटायचं कसं ते मी महिन्याभरापूर्वीच शिकलो होतो, आणि हे तिथे फक्त मला आणि टपावरून खाली उतरणाऱ्या सादिकला माहीत होतं.

तुम्ही गावात राहिलात, तुमच्यासाठी हे लिहितोय. आणि माझ्यासारखे जे गेले त्यांच्यासाठीही. आपण गेलेले लोक उन्हाच्या, एका खोलीत दहा जणांनी झोपल्याच्या गोष्टी हौसेने सांगतो. कुणाच्या जागेवर गेलो, ते मात्र कधी सांगत नाही.

झालं असं. एजंट म्हणाला, मस्कतच्या एका हॉटेलात इंडियन कुक पाहिजेत, दोघांचंही काम होईल, फक्त स्वयंपाकाची परीक्षा होणार. आम्हाला दोघांना धड पाणीसुद्धा उकळता येत नव्हतं! मग रत्नागिरीत सादिकच्या मामाकडे राजिवड्यात मुक्काम ठोकला आणि एका काकूंच्या पाककला वर्गात नाव घातलं. बाहेर पाटी होती, 'अस्सल भारतीय पदार्थ, फक्त महिलांसाठी.' काकूंनी आम्हाला दारातच उभं केलं. "मुलगे मला नकोत. पसारा करतात." सादिकने असा काही चेहरा केला की त्यांना हसू आलं. "नखं कापून या उद्या," म्हणाल्या.

पंधरा बायका आणि आम्ही दोघे दांडगे. काय हसायच्या त्या! पण खरी गंमत पुढे. अस्सल भारतीय म्हणजे छोले, पनीर, दाल तडका, फुलके. आमच्या कुळथाच्या पिठीचं, तिसऱ्या शिंपल्यांच्या कालवणाचं त्यात नावसुद्धा नाही. सादिकने पहिल्याच दिवशी डाळीत आमसूल टाकलं. दुसरं काय टाकणार? आमच्याकडे डाळ म्हटली की हात आपोआप आमसुलाच्या बरणीकडे जातो. काकूंनी ते चमच्याने उचलून बाहेर काढलं. "हे घरी. तिकडच्या साहेबाला भारतीय जेवण पाहिजे."

"मग आपण कोण, काकू?" सादिकने विचारलं. "कांदा बारीक चिर," काकू म्हणाल्या.

सादिकच्या हाताला चव होती. नुसत्या वासावरून सांगायचा, जिरं आता जळणार. त्यामुळे जरा शेफारलाही होता, घरी परतताना मला चिडवायचा, "अनंता, तू आपला भांडी घास, मी वस्ताद होतो." माझे फुलके आंबापोळीसारखे चिवट व्हायचे. मला स्वयंपाकाचा कंटाळाच होता, पण बाबांची बोट फुटलेली आणि धाकटी बहीण लग्नाची, घरात सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले.

परीक्षा रत्नागिरीतल्याच एका लॉजच्या मुदपाकखान्यात झाली. हॉटेलमालकाचा माणूस आला होता, सगळे त्याला साहेब म्हणत. त्याने दाल तडका करायला सांगितलं. घाबरून मी गॅस मोठा ठेवला आणि डाळ बुडाला लागली. करपल्याचा वास सुटला. साहेब तेव्हा बाहेर बसला होता. सादिकची डाळ तयार होती. त्याने इकडे तिकडे बघितलं, आपला टोप माझ्यासमोर सरकवला, माझा मोरीत ओतला आणि कुकरमधल्या उरलेल्या डाळीवर स्वतःसाठी नव्याने फोडणी टाकली. "गप उभा राहा मेल्या," एवढंच म्हणाला. दोघांनाही घेणार आहेत, मग मित्राला एक टोप दिला तर बिघडलं काय, असा त्याचा हिशेब. फळीवर लॉजवाल्यांची आमसुलाची बरणी होती, आणि त्या घाईत तिकडे त्याचा हात गेला.

साहेबाने माझ्यासमोरची डाळ चाखली, मान डोलावली, पुन्हा चाखली. सादिकची तोंडात घातली आणि वाकडं तोंड केलं. "ये खट्टा क्या डाला?" मग रुमालाने ओठ पुसून म्हणाला, जागा आता एकच उरली आहे, आणि माझ्याकडे बोट केलं.

सादिकने माझ्याकडे बघितलं. तेवढंच बोलायचं होतं, साहेब, ती डाळ ह्याची. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. लाज वाटत होती, पण त्याहून जास्त आनंद होत होता. हे लिहितानाही मला माझी किळस येते.

गावात सादिकने सांगितलं की त्याची डाळ आंबट झाली. त्यापुढे एक अक्षर बोलला नाही. मी मस्कतमध्ये भांडी घासण्यापासून सुरुवात केली, पडेल ते शिकलो आणि हळूहळू खरोखरच कुक झालो. बहिणीचं लग्न झालं. दर दोन-अडीच वर्षांनी सुट्टीवर यायचो ते बॉडी स्प्रे, खजूर, मिल्क पावडर घेऊन. चाचीकडे एक जेवण ठरलेलं. आणि दर खेपेला पानावर बसलो की चाची हसत म्हणायची, "अनंता नशीब काढून गेला. आमच्या ह्याला मेल्याला साधी डाळ जमली नाय!" सादिकही हसायचा. मी रस्सा ओरपायचो.

दोन हजार सहा साली गेलो तेव्हा समुद्रावर पुण्या-मुंबईचे पर्यटक यायला लागले होते. सादिक दुसऱ्याच्या ट्रॉलरवर राबून कंटाळला होता. त्याला घराच्या पुढच्या पडवीत खानावळ काढायची होती. घर चाचीच्या नावावर, आणि चाची ऐकायला तयार नव्हती. त्या दुपारी मी जेवत असताना त्याने पुन्हा विषय काढला.

"अनंता, तूच सांग ह्याला," चाची मला भात वाढत म्हणाली. "साहेबाने थुंकलेली ह्याची डाळ. हा लोकांना जेवू घालणार?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "चाची," मी म्हणालो, "साहेबाला आवडली ती डाळ सादिकची होती. माझी करपली होती. त्याने आपला टोप मला दिला."

"काय बोलतोस?"

मग सगळं सांगितलं. मोरी, बरणी, फरशी, सगळं. सादिक ताडकन उठला. "सात वर्षं लागली होय रे तुला?" म्हणाला आणि मागच्या दाराने निघून गेला. चाचीच्या हातात भाताचा चमचा तसाच होता. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "मग एवढी वर्षं माझ्या घरात जेवलास कसा तू?"

मी हात धुतले आणि उठलो.

पडवी मिळाली सादिकला. खानावळ चालते, शनिवार-रविवारी उभं राहायला जागा नसते. आमसुलाची डाळ लोक वाटीवर वाटी मागून घेतात. सादिक माझ्याशी वर्षभर बोलला नाही, मग एकदा मस्कतला फोन करून मनसोक्त शिव्या दिल्या, आणि आता बोलतो. मी तिथे जाऊन बसलो तर ताट आणून आदळतो. पैसे देऊ केले तर घेतो.

चाचीचं तसं नाही. मी गेलो की ती तांब्याभर पाणी देते, आईचे गुडघे कसे आहेत विचारते, कधी आलास, कधी जाणार विचारते. आमच्याकडे दुपारी दारात टपालवाला जरी आला तरी त्याला 'जेवून जा' म्हणतात. मला ती म्हणत नाही. रागाने नाही, बहुधा तिच्या तोंडून ते निघतच नसावं.

इथे मस्कतमध्ये कुणी गाव विचारलं की मी झटकन सांगतो. तिथे माझं घर आहे, नवा स्लॅब टाकलाय, आई वाट बघते. पण सुट्टीवर गेल्यावर मी घरी पोचलो असं मला अजून वाटलेलं नाही. चाचीच्या ओट्यावर पाणी पिऊन उठतो, चपला घालायला उगीच वेळ लावतो, ती काही म्हणते का बघतो, आणि मग खाली उतरून आमच्या वाडीकडे चालायला लागतो.