फलाणेछाप

"लाकडं सुकली, डोस्कं माहं, आन् बांधाच्या वेलीचा पास अलग?"

मूल गावाजवळच्या जंगलनाक्यावर एक बाई डोक्यावरची मोळी न उतरवता ओरडत होती. नाकेदार सरपणाचा पास बघून झाल्यावर मोळी बांधलेल्या रानवेलीचाही पास मागत होता. बाईचा आवाज असा, की तिकडे एटापल्लीच्या वाघाने कान पाडले असतील.

"हा तं अस्सल फलाणेछाप कारभार झाला, नाकेदार भाऊ!"

तिच्या मागे उभा होता तो फलाणे म्हणजे मी. खरं आडनाव लिहीत नाही. ते आधीच पायाला भिंगरी लावून जिल्हाभर फिरलंय.

त्याचं असं झालं. आमच्याकडे धान घरात आलं, की रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या वावरातच, नाटक होतं. पन्नास सालानंतरच्या एका हंगामात मी एक लिहिलं. त्यातला राजा सावलीत बसायला पास देतो, खोकायला दुसरा देतो, आणि पास काढून खोकला आला नाही तर दंड करतो. पहिल्या खेळाला माणसं इतकी हसली, की बैलांनी दावी तोडली. त्यातले पाच अजून परतले नाहीत.

वाटलं, आता आपलं नाव होणार. झालं! कुणी उगाच हुकूम सोडला, की लोक म्हणत, फलाणेछाप. पटवारी फलाणेछाप, सासू फलाणेछाप. जुलूम राजाचा, त्याच्याविरुद्ध लिहिलं मी, आणि छाप माझ्या नावाची! चांद्याला माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलीच्या बापाने निरोप धाडला, "फलाण्याइच्या घरी पोरगी नाई देत. तिले खोकाचा पास कोन काढून देईन?"

तर, मी नाक्यावर आलो होतो बांबूंसाठी. दोन दिवसांनी दुसरा खेळ होता, आणि मंचाच्या बांबूंना जंगलखात्याची परवानगी लागे. आरडाओरडा ऐकून रेंजरसाहेब बाहेर आले.

"कोण हा फलाणे?"

नाकेदाराने माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेब गोड बोलणारे. त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहून द्या, की हा शब्द कोणी वापरू नये. मी बाजारात दवंडी देतो. तुमचं नाव धुऊन निघेल, आणि बांबू आजच घेऊन जा."

खोटं कशाला बोलू, मी टाक दौतीत बुडवला. दवंडी चांद्यापर्यंत पोचली असती, मोडलेली सोयरीक जुळली असती.

"लिहा ना, भाऊ," बाई म्हणाली. "आता बोलाचाही पास."

मी टाक खाली ठेवला. "साहेब, इतकं फलाणेछाप काम माझ्याच्यानं व्हायचं नाही."

नाकेदाराला हसू फुटलं. ते लपवायला तो खोकला. साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू पासच मागताहेत. बाईने मात्र मोळी उतरवली, वेल सोडून टेबलावर ठेवली, "घ्या तुमची," म्हणाली, आणि लाकडं लुगड्याच्या ओच्यात भरून चालू लागली.

बांबू मिळाले नाहीत. मग खेळाच्या दिवशी लोक ज्या बंड्यांत, म्हणजे बैलगाड्यांत, बसून नाटकाला आले, त्याच आम्ही बैल सोडून एकमेकींना जोडल्या, वर फळ्या टाकल्या, आणि त्यावर राजा उभा राहिला. प्रत्येक हुकमाला त्याचं सिंहासन डुलत होतं. शंभर बंड्या होत्या. कोणी अकरा सांगितल्या, तर तो माणूस नाटकाला नव्हता असं समजा.

पुढच्या बाजारी ती बाई भेटली. मी हात जोडले.

"बाई, जुलमी तो राजा. मी तं फक्त लिहिलं. राजाचं नाव घ्या ना, माहं काऊन घेता?"

"राजाचं नाव याद नाई राह्यलं, भाऊ," ती म्हणाली. "तुमचं राह्यलं."