गंगेत सोडलेलं वांगं

धाकटा भाऊ आणि भावजय पुण्याहून काशी बघायला आले. हातात पूर्ण असा एकच दिवस. मला भावाशी एकच बोलायचं होतं: माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, नंतर दोन महिने माझ्याच्याने काही होणार नाही, तेवढे दिवस आईला घेऊन जा. फोनवर दोन्ही वेळा "आल्यावर बघू, ताई" झालं होतं.

सकाळी आई म्हणाली, "आधी त्याला फिरू दे. संध्याकाळी जेवताना मी विषय काढते. भरीत पुढ्यात असलं की तो कशाला नाही म्हणत नाही." रामनगरचं मोठं गोल वांगं तिने आदल्या दिवशीच आणवून ठेवलं होतं. तिला ओट्याशी उभं राहवत नाही, पण भरीत तीच करणार होती.

ब्रह्मा घाटावरून नाव केली. थंडीत परदेशी पाखरं नदीवर उतरतात, त्यांना शेव टाकायची असते. भावजयीने ती टाकली, फोटो काढले, आणि मणिकर्णिकेवरच्या जळत्या चितांचाही व्हिडिओ घेतला. नावाड्याने हटकलं, तेव्हा फोन पर्समध्ये गेला.

"ताई, तुम्ही किती लकी! रोज हे बघता."

"रोज मी भाजी, आईची औषधं आणि गॅसचा सिलेंडर बघते," मी म्हटलं.

भाऊ हसला. तेवढ्यात मी विषय काढला, तर म्हणाला, "ताई, आज नको ना. सुट्टीवर आलोय."

मग अस्सी, मग सारनाथ, मग परत घाट. प्रत्येक ठिकाणी "तू सावकाश ये" म्हणून दोघं पुढे. दिवेलागणीला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या मी कठडा धरत उतरत होते. खाली छत्रीखाली बसलेल्या गुरुजींपुढे भावाने ओंजळीतलं पाणी सोडलेलं मला वरूनच दिसलं.

मी पोचले तेव्हा भावजय खूश होती. "काशीला आलं की आवडीचं काहीतरी सोडायचं असतं ना! मी कारलं म्हटलं, तर गुरुजींनी चालू दिलं नाही. मग मी पेरू सोडला, यांनी वांगं."

"पित्तामुळे डॉक्टरांनी तसंही बंदच केलंय," भाऊ हळूच म्हणाला. "सुंठीवाचून खोकला गेला."

मी घरी फोन लावला. आईने उचलला नाही. जिन्यातच भाजलेल्या वांग्याचा वास आला.

आईने ताटं वाढली. भरीत आधी भावाला.

"आई, अगं, वांगं मी आजच सोडलं."

"संकल्प करून?"

"हो. गंगेत पाणी सोडून."

माझ्या वडिलांनी याच घाटांवर शेकडो यात्रेकरूंकडून असे संकल्प सोडवून घेतले. त्यांच्या बायकोला यावर बोलायला जागाच नव्हती. "मग झालं," ती म्हणाली. तिने त्याचं ताट उचललं, दुसरं घेतलं, वरणभात वाढला, लोणचं वाढलं. विषय काही काढला नाही.

मग मीच काढला. "माझं ऑपरेशन आहे. दोन महिने आईला ने."

भावाने बायकोकडे बघितलं. "ताई, तिला तिकडे करमेल का? दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी. आणि या वयात काशी सोडून कोणी जातं? लोक मरायला इथे येतात."

भावजय म्हणाली, "आईंच्या मनाचाही विचार करायला हवा ना."

आईच्या मनात काय होतं ते सगळं एका ताटात थंड होत होतं.

"मी कुठे जाणार नाही," आई म्हणाली. मघाच्या "मग झालं"सारखंच. भावाने सुटल्यासारखा ताकाचा पेला उचलला.

आईने ते भरीत माझ्या ताटात सारलं. "तू खा. आपण इथलेच. आपल्याला कुठे काय सोडायचं असतं."

भरीत चांगलं झालं होतं. मी सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना रिक्षात बसवून दिलं. भाऊ आईच्या पाया पडला, तिने आशीर्वाद दिला. मी वर येऊन हॉस्पिटलला फोन केला आणि तारीख पुढे ढकलायला सांगितली. "कब तक, मैडम?" पलीकडच्या मुलीने विचारलं. आई आतून गरम पाण्याची पिशवी मागत होती. बाद में बताती हूँ म्हटलं आणि फोन ठेवला.